‘ओबामा फोन’ नावाचे असत्य

१/ #थ्रेड
सप्टेंबर २०१२. अमेरिकेतील अध्यक्षपदाची निवडणूक दीड महिन्यावर आली होती. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड परिसरात, मिट रॉम्नी यांच्या विरोधातील निदर्शनांत एका कृष्णवर्णीय महिलेचे काही सेकंदांचे बोलणे कोणीतरी चित्रित केले. ओबामांनी आम्हाला फोन दिला, म्हणून त्यांनाच निवडून द्या, असा त्या बोलण्याचा आशय होता. बघता बघता ती चित्रफीत लाखो लोकांपर्यंत पोहोचली, रश लिंबॉ यांनी ती आपल्या रेडिओ कार्यक्रमात ऐकवली, आणि ‘ओबामा फोन’ हा शब्द राजकीय शिवीसारखा रूढ झाला.

२/ त्याच महिन्यात रॉम्नी यांचेही एक गुप्त चित्रण उघड झाले होते. धनिक देणगीदारांपुढे बोलताना त्यांनी ४७ टक्के मतदारांना सरकारवर विसंबून राहणारे आणि स्वतःला पीडित समजणारे ठरवले होते. क्लीव्हलंडची चित्रफीत म्हणजे या विधानाचा हाती आलेला पुरावाच, असे अनेकांना वाटले. फोन वाटा आणि मते गोळा करा, इतका तो सरळ हिशेब होता.

३/ हिशेब सरळ होता, पण खोटा होता. ज्या योजनेला ओबामांचे नाव चिकटले, ती ‘लाइफलाइन’ योजना १९८५ ची आहे. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये रोनाल्ड रेगन होते. बराक ओबामा २३ वर्षांचे होते आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये शिकागोच्या दक्षिण भागात लोकसंघटनाचे काम करण्यासाठी नुकते दाखल झाले होते.

४/ बहुतेक सत्यशोधक इथवर येऊन थांबतात. ‘ओबामांनी नाही, रेगन यांच्या काळात सुरू झाली’ एवढे सांगितले की अफवेचे खंडन झाले, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः या उत्तरात मूळ आरोप मान्यच होतो. फुकट वाटप झाले हे कबूल, वाटणारा हात तेवढा दुसरा. खरा प्रश्न वेगळा आहे : लाइफलाइन हे दान होते का? त्यासाठी १९८५ च्याही बरेच मागे जावे लागते.

५/ १८९० च्या दशकात ग्रॅहम बेल यांच्या पेटंटांची मुदत संपली आणि अमेरिकेत शेकडो स्वतंत्र टेलिफोन कंपन्या उभ्या राहिल्या. अनेक शहरांत दोन दोन कंपन्यांच्या तारा शेजारी शेजारी धावत, पण एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीच्या ग्राहकाशी बोलता येत नसे. डॉक्टर, दुकानदार, वकील यांना आपल्या टेबलावर दोन टेलिफोन ठेवावे लागत. आज एका मोबाइलवर एक ॲप चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही म्हणून चिडणाऱ्यांनी त्या दुकानदाराची स्थिती डोळ्यांपुढे आणावी.

६/ या गोंधळातून थिओडोर वेल यांची प्रसिद्ध घोषणा निघाली. १९०७ मध्ये ते एटी अँड टीचे अध्यक्ष झाले आणि १९०८ पासून कंपनीच्या जाहिराती एक धोरण, एक यंत्रणा आणि सार्वत्रिक सेवा या त्रिसूत्रीचा घोष करू लागल्या. ‘सार्वत्रिक’ या शब्दाने अनेक जण फसले आहेत. प्रत्येक गरिबाच्या घरी टेलिफोन, असा त्याचा अर्थ वेल यांना अभिप्रेत नव्हता. सर्व तारा एकाच यंत्रणेला, म्हणजे अर्थातच त्यांच्या यंत्रणेला, जोडलेल्या असाव्यात एवढाच तो अर्थ होता. अभ्यासक मिल्टन म्यूलर यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात हा भेद सविस्तर दाखवला आहे.

७/ १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (पुढे ‘आयोग’) स्थापन केला. देशातील सर्व लोकांना शक्य तितकी, वाजवी दरात, तार आणि रेडिओची सेवा मिळावी असा हेतू त्या कायद्याच्या आरंभी नोंदला आहे. गंमत अशी की ‘सार्वत्रिक सेवा’ हे शब्द त्या कायद्यात नाहीत. पुढे १९७० च्या दशकात मक्तेदारी धोक्यात आली, तेव्हा एटी अँड टीनेच ते शब्द नव्या अर्थाने पुढे केले : आमची मक्तेदारी आहे म्हणूनच गरिबाच्या घरी टेलिफोन परवडतो.

८/ हा दावा स्वार्थी होता, तरी पूर्णतः पोकळ नव्हता. घरापर्यंत येणाऱ्या तारेचा खर्च मोठा असतो आणि तारेवर एक कॉल होवो वा शंभर, तो तेवढाच राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत या खर्चाचा वाढता हिस्सा लांब पल्ल्याच्या कॉलच्या उत्पन्नातून भागवला जाऊ लागला. न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला फोन करणारी कंपनी जास्त पैसे मोजी, म्हणून कुठल्याशा गावातील विधवेचे मासिक भाडे कमी राही.

९/ १९९० च्या दशकातील महाराष्ट्रालाही ही रचना अपरिचित नाही. रात्री अकरानंतर दर उतरत म्हणून एसटीडी बूथबाहेर लोक ताटकळत उभे राहत, आणि त्याच गावात एका रुपयाच्या नाण्यात स्थानिक कॉल होई. परगावच्या कॉलचे चढे दर स्थानिक सेवेला टेकू देत होते. ट्रायच्या १९९९ च्या दर-आदेशानंतर तो टेकू काढण्यास सुरुवात झाली. अमेरिकेत हेच पंधरा वर्षे आधी घडले, पण फार मोठ्या गदारोळात.

१०/ १९६९ मध्ये एमसीआय या छोट्या कंपनीला शिकागो ते सेंट लुइस मार्गावर मायक्रोवेव्ह सेवा देण्याची परवानगी मिळाली. तिने नेमका नफ्याचा भाग, म्हणजे लांब पल्ल्याचा व्यवहार, हेरला. खेड्यातील तारांचे ओझे तिच्या डोक्यावर नव्हते. नोव्हेंबर १९७४ मध्ये न्याय विभागाने एटी अँड टीविरुद्ध मक्तेदारीविरोधी खटला दाखल केला. ८ जानेवारी १९८२ रोजी तडजोड झाली आणि १ जानेवारी १९८४ रोजी, न्यायाधीश हॅरोल्ड ग्रीन यांच्या देखरेखीखाली, जगातील सर्वांत मोठी टेलिफोन कंपनी दुभंगली. स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. लांब पल्ल्याचा व्यवहार एटी अँड टीकडे राहिला.

११/ आता घरापर्यंतच्या तारेचा खर्च कोण भरणार? लांब पल्ल्याच्या बाजारात स्पर्धा हवी असेल, तर तिथल्या दरांत स्थानिक तारांचे ओझे लपवून ठेवता येणार नव्हते. आयोगाचे अध्यक्ष मार्क फाउलर हे मुक्त बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते होते. दूरचित्रवाणी म्हणजे चित्रे दाखवणारा टोस्टर, या त्यांच्या उद्गारावरून त्यांच्या वृत्तीची कल्पना येते. आयोगाने उत्तर शोधले : प्रत्येक टेलिफोन-तारेवर दरमहा एक ठरावीक आकार. नाव ‘सबस्क्रायबर लाइन चार्ज’. वर्षातून एकदाही परगावी फोन न करणाऱ्यालाही तो भरावा लागणार होता.

१२/ या आकाराचे स्वरूप नीट पाहावे. पेन्शनवर जगणारी एकटी वृद्धा आणि मॅनहॅटनमधील दलाल, दोघांच्या घरगुती तारेवर आकार सारखाच. पूर्वी जास्त बोलणारा जास्त भरी आणि त्यातून कमी बोलणाऱ्याची तार टिके. आता तार आहे म्हणून पैसे भरायचे होते. अर्थशास्त्रज्ञांच्या लेखी ही कार्यक्षमता होती. दरमहा पगाराची वाट पाहणाऱ्या घराच्या लेखी ती भाडेवाढ होती.

१३/ विरोध अर्थातच झाला. प्रतिनिधिगृहाने नोव्हेंबर १९८३ मध्ये हा आकार रोखणारे विधेयक संमत केले. सिनेटमध्ये ते तडीस गेले नाही, पण दबाव एवढा होता की आयोगाने घरगुती ग्राहकांवरील आकार पुढे ढकलला. अखेर जून १९८५ मध्ये तो दरमहा १ डॉलरने सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने वाढत एप्रिल १९८९ मध्ये ३.५० डॉलरवर पोहोचला.

१४/ आणि इथे, या आकाराच्या सावलीत, लाइफलाइन जन्माला आली. तिची मूळ रचना अगदी साधी होती. एखाद्या राज्याने अल्प उत्पन्नाच्या ग्राहकाला स्थानिक भाड्यात सवलत दिली, तर तितक्याच प्रमाणात केंद्राचा नवा आकार त्याला माफ होई. १९८५ मधील लाइफलाइन म्हणजे मूलतः एवढेच होते. गरिबाच्या हातात काही ठेवले गेले नव्हते. एका हाताने सर्वांकडून नवीन पैसे घ्यायचे ठरले होते आणि त्यातले गरिबाचे पैसे दुसऱ्या हाताने घेणे टाळले गेले, तेही राज्य निम्मा भार उचलण्यास तयार असेल तर.

१५/ कल्पनाही वॉशिंग्टनची स्वतःची नव्हती. कॅलिफोर्नियाच्या विधानसभेतील सदस्या ग्वेन मूर यांनी पुढाकार घेतलेला सार्वत्रिक टेलिफोन सेवेचा कायदा १९८३ मध्येच झाला होता. एटी अँड टीच्या विभाजनाचा फटका कोणाला बसेल हे राज्यांना अगोदर कळले होते. १९८७ मध्ये ‘लिंक-अप अमेरिका’ची जोड मिळाली. नवी जोडणी घेताना जो एकरकमी खर्च येई, त्याचा निम्मा भाग, जास्तीत जास्त ३० डॉलर, त्यातून भागवला जाई. रेगन तेव्हाही अध्यक्षच होते.

१६/ प्रतिपक्षाचेही एक म्हणणे इथे मान्य केले पाहिजे. नव्या आकारामुळे लाखो घरांतील टेलिफोन तुटतील, ही १९८३ ची भीती खरी ठरली नाही. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जनगणना खात्याच्या पाहणीनुसार ९१.४ टक्के घरांत टेलिफोन होता. पुढे हे प्रमाण घटण्याऐवजी वाढले. लांब पल्ल्याचे दर कोसळले आणि त्याचा लाभ दूर राहणाऱ्या लेकरांशी बोलणाऱ्या गरीब आईबापांनाही झाला. मात्र सरासरी ९१.४ असताना अत्यल्प उत्पन्नाच्या आणि कृष्णवर्णीय घरांत ती बरीच खाली होती, आणि लाइफलाइनचा प्रश्न त्या घरांचा होता.

१७/ सर्वांत विदारक चित्र आदिवासी प्रदेशांत होते. १९९० च्या जनगणनेत अमेरिकी आदिवासींच्या आरक्षित प्रदेशांतील निम्म्याहून कमी घरांत टेलिफोन आढळला. एप्रिल २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन नवाहो प्रदेशातील शिपरॉक येथे गेले, तेव्हा त्यांनी एका शाळकरी मुलीची हकीकत सांगितली. तिने स्पर्धेत संगणक जिंकला होता, पण इंटरनेट जोडायला घरात टेलिफोनची तारच नव्हती. त्याच वर्षी आयोगाने आदिवासी प्रदेशांसाठी दरमहा २५ डॉलरपर्यंतची वाढीव लाइफलाइन मंजूर केली. एकविसावे शतक दारात उभे असताना विसाव्या शतकाची तार पोहोचवण्याचे काम चालू होते.

१८/ मधल्या काळात १९९६ चा टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट आला. सिनेटमध्ये ९१ विरुद्ध ५ आणि प्रतिनिधिगृहात ४१४ विरुद्ध १६ मतांनी तो संमत झाला, म्हणजे दोन्ही पक्षांचे हात त्याला लागले होते. सेवा ‘परवडणारी’ असावी आणि अल्प उत्पन्नाच्या ग्राहकांनाही ती मिळावी, हे आता कायद्याच्या शब्दांत उतरले. त्यातून ‘युनिव्हर्सल सर्व्हिस फंड’ उभा राहिला. या निधीत सरकारी तिजोरीतील कर येत नाही. दूरसंचार कंपन्या आपल्या आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय महसुलातून वर्गणी भरतात आणि ती ग्राहकांच्या बिलावर चढवतात. ‘आमच्या आयकरातून फुकट फोन’ ही तक्रार त्यामुळे पहिल्या पायरीवरच घसरते.

१९/ मग तारेचा मोबाइल कधी झाला? ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले. निराश्रितांना घरच उरले नव्हते, तर घराची तार कुठून असणार? आयोगाने लाइफलाइनच्याच चौकटीत वादळग्रस्तांसाठी मोबाइल संच आणि ३०० मिनिटे, अशी कुटुंबामागे १३० डॉलरपर्यंतची तात्पुरती मदत दिली. त्याच सुमारास, सप्टेंबर २००५ मध्ये, ट्रॅकफोन या प्रीपेड कंपनीला स्वतःचे जाळे नसतानाही लाइफलाइन देण्याचा मार्ग आयोगाने मोकळा केला. २००८ मध्ये तिची ‘सेफलिंक’ सेवा सुरू झाली. ही सर्व वर्षे जॉर्ज बुश यांची आहेत. ओबामांचा शपथविधी २० जानेवारी २००९ चा.

२०/ क्लीव्हलंडमधील त्या महिलेच्या हाती जो फोन होता, त्याची वंशावळ अशी आहे : रेगन यांच्या काळातील आकारमाफी, क्लिंटन यांच्या काळातील कायदा, बुश यांच्या काळातील मोबाइल. ओबामांच्या काळात, २०१२ च्या आरंभी, या योजनेवर निर्बंध वाढवले गेले. कुटुंबामागे एकच सवलत, दरवर्षी पात्रतेची फेरतपासणी, दुबार नावे पकडण्यासाठी राष्ट्रीय नोंदपट, आणि आदिवासी प्रदेश वगळता लिंक-अप बंद. चित्रफीत गाजण्याच्या काही महिने आधी ही कात्री चालली होती. अफवा २००९ पासूनच ई-मेलमधून फिरत होती; तिला तारखांशी कधीच देणेघेणे नव्हते.

२१/ संचाविषयीही एक गोष्ट स्पष्ट असावी. नेहमीच्या लाइफलाइनमध्ये निधी सेवेसाठी मिळतो, संचासाठी नाही. दरमहा ९.२५ डॉलर ग्राहकाच्या हाती न पडता कंपनीच्या खात्यात जातात. साधासा फोन कंपनी आपल्या खर्चाने देई, कारण त्या फोनमागे दरमहा निश्चित रक्कम येणार होती. ट्रॅकफोन ही त्या वेळी मेक्सिकोतील अब्जाधीश कार्लोस स्लिम यांच्या अमेरिका मोविल समूहाची कंपनी होती. चित्रफितीत दिसली ती महिला. रक्कम जमा होत होती तिथे कोणी कॅमेरा नेला नाही.

२२/ गैरव्यवहार झालेच नाहीत का? झाले, आणि मोठे झाले. २००८ मध्ये ८० कोटी डॉलरच्या आसपास असलेला खर्च २०१२ मध्ये २ अब्ज २० कोटींपर्यंत गेला. २०१७ च्या अहवालात सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सुमारे ३५ लाख लाभार्थ्यांची नोंद तपासली आणि ३६ टक्क्यांची पात्रता पडताळता आली नाही असे नमूद केले. ‘पडताळता आली नाही’ याचे ‘अपात्र ठरले’ असे भाषांतर करून तो आकडा आजही मिरवला जातो, तो भाग सोडून देऊ. विचारायचे ते हे की पात्रता तपासत कोण होते?

२३/ २०१८ मध्ये राष्ट्रीय पडताळणी यंत्रणा येऊ लागेपर्यंत बहुतेक राज्यांत हे काम खुद्द कंपन्यांकडे होते. प्रत्येक नव्या नावामागे जिला पैसे मिळणार, तिनेच त्या नावाची छाननी करायची, अशी ही व्यवस्था होती. कुंपणाला शेत राखायला सांगितले की पुढे काय होते, ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. नोव्हेंबर २०२० मध्ये स्प्रिंट कंपनीने आयोगाशी २० कोटी डॉलरची तडजोड केली. सेवा वापरतच नसलेल्या सुमारे ८ लाख ८५ हजार ग्राहकांच्या नावे तिने सवलतीची रक्कम उचलल्याचे ते प्रकरण होते. ‘स्प्रिंट फोन’ अशी शिवी कोणाच्या कानावर आली आहे का?

२४/ आता त्याच निधीच्या दुसऱ्या खणात डोकवावे. डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या भागांत तारा टाकणे महाग पडते, म्हणून तिथल्या कंपन्यांना ‘हाय-कॉस्ट’ या नावाने मदत मिळते. लाइफलाइनचा खर्च शिगेला होता त्या २०१२ मध्येही ही मदत तिच्या दुपटीच्या घरात होती. आज ती वर्षाला ४ अब्ज डॉलरच्या वर आहे आणि लाइफलाइन एक अब्जाच्या आसपास उतरली आहे. या मदतीला ग्राहकाच्या उत्पन्नाची अट नाही. तार कोणाच्या घरी जाते, शेतमजुराच्या की सुट्टीपुरते येणाऱ्या धनिकाच्या बंगल्यात, हे कोणी विचारत नाही.

२५/ २०११ मध्ये आयोगाने या मदतीवर एक मर्यादा घातली : एका तारेमागे दरमहा जास्तीत जास्त २५० डॉलर. मर्यादा घालावी लागली, याचा अर्थ काही ठिकाणी रक्कम त्याहून वर जात होती. एकीकडे तारेमागे २५० डॉलर, दुसरीकडे घरामागे ९.२५. निधी एकच, वर्गणी एकाच बिलातून, कायद्याचे कलमही तेच. पहिल्याला ‘ग्रामीण विकास’ म्हणतात. दुसऱ्याला ‘फुकटेगिरी’.

२६/ या नामकरणात वर्णाचा वाटा किती, हे सांगायला फार मोठ्या संशोधनाची गरज नाही. १९७६ च्या प्रचारात रेगन यांनी शिकागोतील एका महिलेच्या कथित लबाडीची कथा सभांमधून सांगितली होती आणि सरकारी मदतीवर चैन करणाऱ्या बाईची प्रतिमा अमेरिकी राजकारणात पक्की केली होती. ३६ वर्षांनी क्लीव्हलंडच्या चित्रफितीने त्याच साच्यात नवा चेहरा बसवला. एका व्यक्तीचे बोलणे लाखो कुटुंबांच्या माथी मारले गेले आणि ती कुटुंबे कोणती, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेली ती घरे होती, सर्व वर्णांची. निवृत्त सैनिकांचे अल्प पेन्शन घेणारेही पुढे पात्रतेच्या यादीत आले.

२७/ भारतातील ‘रेवडी’च्या वादातही हा साचा ओळखू येतो. २००२ पासून भारतातील दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलाचा ५ टक्के वाटा सार्वत्रिक सेवेच्या निधीसाठी घेतला जातो. २०२३ च्या कायद्याने त्या निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. भारतनेटला पैसा त्यातूनच मिळतो. नक्षलग्रस्त भागांतील मोबाइल मनोऱ्यांनाही त्यातूनच मिळाला. गडचिरोली त्यात आलेच. तो खर्च योग्यच आहे. पण कंपनीला मनोऱ्यासाठी दिलेला पैसा ‘पायाभूत सुविधा’ ठरतो आणि ग्राहकाच्या बिलात कमी केलेला पैसा ‘रेवडी’, ही विभागणी कोणी आणि कशाच्या आधारे केली, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

२८/ ‘मते विकत घेण्यासाठी फोन’ या आरोपाचेही एकदा गणित करून टाकावे. पात्र कुटुंबांपैकी साधारण एक चतुर्थांशच लाइफलाइन घेतात. उरलेल्यांना योजना ठाऊक नसते, कागदपत्रे जुळत नाहीत, किंवा फेरतपासणीत नाव गळते. चारपैकी तीन जण घ्यायलाच येत नाहीत, अशी लाच देणारा राजकारणी जगात अजून निपजायचा आहे.

२९/ निधीवरची खरी टीका वेगळीच आहे आणि ती गंभीर आहे. वर्गणी मुख्यतः आवाजी सेवेच्या महसुलावर बसते, आणि तो महसूल आटत चालला आहे. म्हणून वर्गणीचा दर २०२५ मध्ये ३६ टक्के आणि त्याहून वर गेला. त्याचा चटका ज्यांच्याकडे अजून साधा टेलिफोनच आहे अशा वृद्धांना बसतो, तर ब्रॉडबँडचा महसूल मोकळा राहतो. १९८५ च्या आकारात जो दोष होता, तोच इथे नव्या रूपात परतला आहे. निधीची ही रचनाच घटनाबाह्य आहे, हा दावा सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला. निधी वाचला, दर मात्र तसाच चढा आहे.

३०/ २०१६ मध्ये लाइफलाइनमध्ये ब्रॉडबँडचा समावेश झाला, तोही आयोगाच्या ३ विरुद्ध २ अशा काठावरच्या मतांनी. पुढच्याच वर्षी नवे अध्यक्ष अजित पै यांच्या काळात नऊ कंपन्यांना दिलेली मंजुरी मागे घेण्यात आली. मग कोविड आला आणि शाळा पडद्यावर गेल्या. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातून ‘अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ उभा राहिला : दरमहा ३० डॉलर, आदिवासी प्रदेशांत ७५. २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबे त्यात सामील झाली. म्हणजे सवलत पुरेशी असेल तर लोक नोंदणी करतात, हेही सिद्ध झाले.

३१/ त्या कार्यक्रमासाठी १४.२ अब्ज डॉलर बाजूला ठेवले होते. ते संपत आले तेव्हा अमेरिकी काँग्रेसने नवा पैसा मंजूर केला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी नोंदणी थांबली आणि १ जून २०२४ रोजी कार्यक्रम बंद पडला. त्या कुटुंबांपैकी जी पात्र होती त्यांना पुन्हा लाइफलाइनचाच आधार उरला. तिची दरमहाची रक्कम २०१२ मध्ये ठरली होती तेवढीच आहे, ९.२५ डॉलर, आणि केवळ आवाजी सेवा घेणाऱ्याला त्यातलेही ५.२५ च मिळतात.